मृगाआधीचा गाळ

कडुनिंबाला मोहर आला की माझं डोकं फिरायला लागतं. इतरांना त्या वासानं पाडवा आठवतो, गूळ-निंबाचा घास आठवतो. मला भांडण आठवतं. सून म्हणते, "आई, कूलर लावू का? चेहरा लाल झालाय तुमचा." तो उन्हानं झालेला नाही, हे तिला कसं सांगू! खिडकीबाहेरचा निंब पांढऱ्या चुऱ्यानं भरून जातो, खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर तो चुरा सांडतो, गाडीवाले वैतागून झटकतात, आणि मी गज धरून मनातल्या मनात कुणाशी तरी वाद घालत असते. वय झालं की माणसानं शांत व्हावं म्हणतात. हे कुणी ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुंडलिकनगरच्या थोडं पुढं आमची कॉलनी. इथं नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो. कुणी त्या दिवशी बाहेरगावी जात नाही, कुणी लग्नाची बोलणी ठेवत नाही. टाक्या भरतात, ड्रम भरतात, बादल्या, कळशा, कुकर, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून झाकण ठेवलं जातं. मधले सगळे दिवस टँकरचे. टँकरवाले चाचा माझ्याहून थकलेले. परवा त्यांच्यावर ओरडले, तर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "अम्मा, मेरेकू बोलके क्या फायदा? भरनेकूच पानी नै है उधर." मग मी त्यांना माठातलं पाणी दिलं. पाणी आणणाऱ्याला पाणी पाजायची वेळ आली, म्हणजे उन्हाळा खरा लागला.

आणि पावसाळा आला की तेच पाणी दारातून आत येतं, न बोलावता. मागच्या वर्षी एका संध्याकाळी ढग असा फुटला, की सोफ्याखालच्या चपला स्वयंपाकघरात सापडल्या. नाल्यावर स्लॅब टाकून वर दुकानं काढली, मग पाण्यानं जायचं कुठं? ते बिचारं जुन्या वाटेनं निघालं आणि वाटेत आमचं घर लागलं.

पण मला सांगायचं आहे ते एका जुन्या उन्हाळ्याचं. तेव्हा ही कॉलनी नव्हती, वाडी होती. आज जिथं औषधांचं दुकान आहे, तिथं आमच्या मेंढ्यांचा वाडा होता. आम्ही धनगर. बापाच्या मागं कळप माझ्या मायनं सांभाळला. दिवसभर ती रानात, संध्याकाळी तिच्या अंगाला लोकरीचा, मातीचा आणि बाभळीच्या शेंगांचा असा मिसळलेला वास यायचा. तो वास घरात आला की आम्हाला भूक लागायची.

त्या वाडीला कुणी हवामान शिकवलं नव्हतं, तरी चैत लागला की अख्खी वाडी घड्याळ बदलायची. पहाट फुटायच्या आत माणसं रानात, ऊन चढायच्या आत परत. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मेंढ्या निंबाखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या, माणसं ओसरीला, म्हाताऱ्यांच्या उशाला ओलं फडकं. ऊन कलल्यावर पुन्हा कामाला सुरुवात. आळस नव्हता तो, शहाणपण होतं. आता भर दुपारी समोरच्या इमारतीवर पोरं सळया उचलताना दिसतात, लोखंडाला हात लावला तर फोड येईल अशा उन्हात. मी मुकादमाला एकदा वरून हटकलं. तो म्हणाला, "काकू, कामाची वेळ ठरलेली असते." वेळ ठरलेली असते, ऊनही ठरलेलं आहे, मग बदलायचं कुणी?

वाडीच्या मधोमध विहीर होती. काळ्या दगडाची, रुंद, एका बाजूनं अर्ध्यापर्यंत पायऱ्या, वर लाकडी रहाट. तिच्या कठड्याला लागून दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची; एकाच दगडात कोरलेली, आतून इतकी गुळगुळीत, की लहानपणी आम्ही तिच्यात बसून घसरायचो. दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी विहिरीचा गाळ निघायचा. घरटी एक माणूस द्यायचं, ही रीत. खाली काहीजण गाळ भरणार, पायऱ्यांवरचे टोपली वर देणार, वरचे ती शेतात नेऊन टाकणार. गाळाला एक वास असतो. थंड, जुना, जरा लोखंडासारखा. नवे झरे सुटले, पाणी निवळलं, की पहिला पोहरा डोणीत. पहिलं पाणी मुक्या जनावराचं. आणि वाडीतला मोठा कळप आमचा, म्हणून तो पहिला पोहरा ओढायचा मान आमच्या घराचा. दुसरा पोहरा ओढणाऱ्याचा. मग बाकीची वाडी. ही रीत सगळ्यांना तोंडपाठ होती, पाळण्यातल्या पोरालासुद्धा.

सगळ्यांना म्हणजे, जे कठड्याजवळ जाऊ शकत होते त्या सगळ्यांना. ओढ्यापलीकडं बौद्धांची वस्ती होती. त्यांची माणसं गाळाची टोपली कठड्याबाहेर उचलायला चालायची, पण दोराला हात लावायला चालायची नाहीत. त्यांच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतलं जायचं. एरवी सुखना नदीच्या वाळूत झिरा खणून त्या पाणी भरायच्या. माझ्या मेंढ्या डोणीत तोंड घालून फुरफुरत पाणी प्यायच्या आणि दहा पावलांवर माणसं तहानलेली उभी असायची. हे आम्ही रोज बघायचो. रोज दिसतं त्याचं काही वाटत नाही, हीच तर खरी भानगड.

त्या वस्तीतली द्वारका माझ्याच वयाची. आम्ही दोघी दहावीपर्यंत शिकलो, आणि चिकलठाण्याला नव्यानंच कंपन्या उभ्या राहत होत्या, तिथल्या एका औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करायच्या कामावर एकाच महिन्यात लागलो. कंपनीची बस सडकेवर यायची. निळा झगा, डोक्याला टोपी. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची, ती मोजून खोक्यात भरायची, बोलायचं नाही. संध्याकाळी केसांना, जिभेला, भाकरीलासुद्धा कडवट चव. माय म्हणायची, "आगं, तुला चाटलं तर ताप उतरंल!"

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. कंपनीच्या कँटीनला स्टीलचा नळ होता. खाली ओंजळ धरायची, प्यायचं. आधी कोण, मागून कोण, कुणी विचारायचं नाही. आणि संध्याकाळी त्याच बसमधून उतरलं, की वाडीच्या वेशीवर द्वारका ओढ्याकडं वळायची, मी विहिरीकडं. एकदा वळता वळता ती म्हणाली, "शेवंते, आपण जात येशीवर इसरून जातो का गं? रोज सकाळी चढताना नसती बघ, संध्याकाळी उतरताना बरूबर हजर." मी हसले. ती हसली नव्हती.

नामांतराचे दिवस होते ते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून आणि बदलू नये म्हणून शहर दुभंगलेलं. भिंतीवर रात्री घोषणा उमटायच्या, सकाळी त्यांवर चुना फिरायचा, चुना वाळेपर्यंत पुन्हा घोषणा. क्रांती चौकात मोर्चा असला की आमची बस लांबून फिरून यायची. खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या. कुठं घरं जाळली, कुठं माणसं पळवून लावली. वस्तीतल्या बायका रात्री पोरांना पायातल्या चपलांसकट झोपवायच्या, हे मला द्वारकेनं पट्ट्यावर, ओठ न हलवता सांगितलं. कँटीनमध्ये एकजण म्हणाला होता, "नावात काय ठेवलंय? नाव बदलून पोट भरतं का?" द्वारकेनं घास खाली ठेवला. "मग तुमचं नाव द्या आमाला, अन् आमचं घ्या तुमी. बघू, पोट भरतं का." त्या दिवसापासून तो आमच्या टेबलाकडं फिरकला नाही. नावात काय आहे, असं विचारणारे नेहमी नाव असलेलेच असतात, हे मी तेव्हा शिकले.

तर त्या साली पाऊस आधीच कमी झालेला. होळीनंतर सुखनेतला झिरा आटला. विहिरीत तळाला हिरवट पाणी, पोहरा आपटला की चिखल वर यायचा. गाळ काढायलाच हवा होता, पण काढायचा कुणी? वाडीतले निम्मे गडी कंपन्यांत, पाळीवर. ज्यांनी गाळ उपसायचा ते नटबोल्ट पिळत होते. निंबाच्या पारावर बैठक बसली. गावचा पाटील म्हणाला, यंदा वस्तीतल्या पोरांना खाली उतरवू, धडधाकट आहेत, गाळ उपसतील. सगळ्यांनी माना हलवल्या. अडचण आली की आपली रीत कशी पटकन लवचीक होते!

वस्तीकडून म्हातारे लांब बसले होते. ते काही बोलायच्या आत द्वारका उभी राहिली. अंगात अजून कंपनीचा निळा झगा.

"उतरतो की," ती म्हणाली. "आमची पोरं उतरतील, मीबी उतरते. पर मग पोहराबी आमचा पडंल. गाळाला चालतो अन् पाण्याला चालत नाय, आसं नाय व्हायचं यंदा."

पाटील समजुतीच्या आवाजात म्हणाला, "पोरी, दिवस वाईट हायेत. आत्ता ह्यो इषय कामून काढती? पाऊस पडू दे, मग बघू."

"पाऊस पडल्यावर कोण बघतंय, पाटील? तहान हाय तवरच बोलणं हाय."

हे वाक्य मी तेव्हापासून उराशी धरून आहे. तहान आहे तोवरच बोलणं आहे. दरवर्षी पहिल्या सरीबरोबर आपण सगळं विसरतो आणि पुढच्या चैतात पुन्हा तोंड उघडं ठेवून आभाळाकडं बघतो. त्या बावीस वर्षांच्या पोरीला ते कळलं होतं.

बैठक मोडली. कुणीच उतरेना. चार दिवस गेले, पाणी आणखी खाली गेलं. माझ्या मायची दोन कोकरं मेली. मायनं ती पुरली, हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून मातीनंच चोळले, आणि तशीच पारावर गेली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिचा आवाज रानातला, मेंढ्यांना हाकारायचा, तोच तिनं लावला.

"गाळ मी काढणार. द्वारकी काढणार. ज्याला यायचं त्यो या. अन् रीत मला शिकवू नका, रीत मला पाठ हाय. पैला पोहरा माझ्या मेंढरांचा, व्हय का नाय?"

"व्हय," पाटील म्हणाला. नाही म्हणणार कसा?

"त्यो ओढायचा मान माझ्या घराचा. माझा मान मी द्वारकीला दिला. मेंढरांचा पोहरा ती ओढंल. अन् दुसरा ओढणारीचा. हीबी रीतच हाय. आता सांगा, कोणाचं काय मोडलं?"

कुणाचंच काही मोडलं नव्हतं. म्हणूनच तर सगळे इतके चिडले. माझी अडाणी माय त्यांचाच कायदा त्यांच्यासमोर उलटा धरून उभी होती आणि तो उलटासुद्धा तितकाच नीट वाचता येत होता.

आम्ही उतरलो. वस्तीतली पोरं, द्वारका, माय, मी, आणि रातपाळी करून आलेले वाडीतले काही गडी, झोपेनं डोळे लाल झालेले, पण आले. बाकीची वाडी दारं लोटून आत बसली. दिवसभर टोपल्या वर जात राहिल्या. गाळात कुणाच्या तरी आजीची पितळी वाटी सापडली, एक मोडका विळा सापडला. खाली इतका गारवा, की वरच्या उन्हात बाहेर डोकं काढलं तर थोबाडीत बसल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या प्रहरी कोपऱ्यातला झरा सुटला. आधी मातकट धार, मग दुधासारखी, मग काचेसारखी. द्वारकेच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा ती त्याच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. बंद दारांच्या फटींमागं अख्खी वाडी उभी होती, हे आम्हाला न बघता कळत होतं. द्वारकेनं दोर हातात घेतला. रहाट कुरकुरला. पोहरा खाली गेला आणि आवाज आला, डुबुक. एवढासा आवाज, पण त्या शांततेत तो वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. तिनं डोण भरली, मेंढ्या प्याल्या. मग तिनं दुसरा पोहरा ओढला, ओंजळ धरली आणि प्याली. हनुवटीवरून पाणी निळ्या झग्यावर सांडलं. मायनं विचारलं, "गोड हाय का गं?"

"खारट हाय जरा," द्वारका म्हणाली. मग दोघी इतक्या हसल्या, की मेंढ्या बिचकल्या.

पुढं सोपं नव्हतं. काही घरांनी विहीर सोडली, ती लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागली. पेरणीच्या आधी दरवर्षी शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. त्या साली आमचा कळप कुणी शेतात घेतला नाही. मायनं वस्तीच्या खडकाळ तुकड्यांत मेंढ्या बसवल्या. त्या खडकावर त्या वर्षी बाजरी अशी आली, की पुढच्या हंगामात पाटलानंच निरोप धाडला. माय म्हणाली, "सांगा त्याला, मेंढरं पायजेत तर आधी ह्या विहिरीचं पाणी प्यायला ये." काय तो ताठा होता तिचा! कमरेत वाकलेली होती, पण मानेत कधी नाही.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं. कुणी म्हणालं अर्धं मिळालं, कुणी म्हणालं पुरतं. द्वारका पेढे घेऊन आली. नाव देणं म्हणजे कुणाचं तरी असणं सगळ्यांसमोर कबूल करणं, एवढं मला त्या पेढ्याबरोबर कळलं. आणि पुढं तर अख्ख्या शहराचंच नाव बदललं. पाट्या बदलल्या, तहान तीच राहिली.

मग नळ आला. जायकवाडीचं पाणी घराघरात. वाडीनं गुलाल उधळला. मीही खूश होते, का खोटं बोलू. घागरी वाहून मान मोडली होती. पण त्यानंतर जे झालं ते आमच्या वाडीशिवाय कुणाला सुचलं नसतं. लोकांनी विहिरीत मातेरं टाकायला सुरुवात केली. घरं पाडून बंगले होत होते, त्याच्या विटा, फुटक्या फरशा, जुनी कौलं. बघता बघता विहीर भरत आली, वर स्लॅब पडला, स्लॅबवर बाकडी आली. म्हणे जागा मोकळी झाली. मला ठाऊक आहे काय मोकळं झालं. जोवर विहीर होती, तोवर सगळ्यांना एका दोराला हात लावावा लागत होता. नळ घरात आला आणि शेजाऱ्याचं तोंड बघायची गरज संपली. भांडण मिटवता येत नव्हतं, म्हणून आम्ही विहीरच मिटवली.

यंदाच्या फाल्गुनात क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये सभा होती. वाढत्या तापमानाला शहरानं कसं तोंड द्यावं, असा विषय. हॉल इतका थंड, की मी पदर डोक्यावरून घेतला. पडद्यावर रंगीत नकाशे आले. आमचा भाग लालभडक. एक तरुण अधिकारी मनापासून सांगत होता: भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका. मला त्याचं बोलणं पटत होतं, फक्त कुठलं पाणी प्यायचं, तेवढं तो सांगत नव्हता. मी उभी राहिले. म्हटलं, "बाळा, आमच्या कॉलनीत बाकड्यांखाली एक विहीर आहे. ती उघड. छपरावरचं पावसाचं पाणी तिच्यात सोड. आमच्या घरात कशाला सोडतोस?" लोक हसले. तो हसला नाही. त्यानं पत्ता घेतला आणि खरंच आला. म्हणाला, तज्ज्ञ आणि यंत्र आम्ही देऊ, पण कॉलनीची संमती आणि माणसं तुम्ही द्या.

देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. निंबाच्या पारावरची आणि ही, फरक एवढाच, की इथं पंखा होता. कॉलनीचे अध्यक्ष भले गृहस्थ. निवृत्त झालेत, सकाळी कबुतरांना दाणे घालतात. म्हणाले, "शेवंताकाकू, कल्पना चांगली आहे. पण विहीर उघडली तर कोण कोण येईल भरायला, याचा विचार केलात का?"

कोण कोण! नाल्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या आहेत. कंपन्यांत ठेक्यावर काम करणारी माणसं, कुणी बीडची, कुणी जालन्याची, कुणी पार बिहारची. त्यांना नळ नाही. दुपारी त्या पत्र्याखाली लेकरं कशी झोपत असतील, देव जाणे. 'कोण कोण'चा अर्थ मला लगेच कळला. हेच मी निळ्या झग्याच्या दिवसांत पारावर ऐकलं होतं. शब्द आता मऊ झालेत, बाकी काही फरक नाही.

मी घरी आले आणि द्वारकेला फोन केला. ती आता मुकुंदवाडीला लेकाकडं राहते, गुडघे गेलेत. म्हटलं, "द्वारके, गाळ काढायचाय."

ती म्हणाली, "येते. पर शेवंते, उतरायला कोण हाय आता? मी पायऱ्यांवर बसून शिव्या देईन, तेवढं जमंल."

अध्यक्षांनी शेवटी संमती दिली, कारण टँकर दोनदा चुकला. तहान आहे तोवरच बोलणं. अट एकच, विहिरीवर जाळी बसेल आणि जाळीला कुलूप. कुलूप मला खटकलं, पण जाळी हवीच होती; पोरं खेळतात.

घरटी एक माणूस द्यायचं ठरलं. काही घरांनी माणूस दिलं, काहींनी सल्ला दिला. पत्र्याच्या खोल्यांतून न बोलावता माणसं आली, बायकासुद्धा. यंत्रानं वरचं मातेरं काढलं, पण तळाशी हातच लागतात. फरशा निघाल्या, दूरदर्शनचा अँटेना निघाला, क्रिकेटचे चेंडू तर इतके, की अख्खी पिढी तिथं बाद झाली असावी. द्वारका वरच्या पायरीवर बसून खरंच शिव्या देत होती, आणि कॉलनीतले सॉफ्टवेअरवाले जावई त्या शिव्या खात टोपल्या देत होते. कठड्याजवळ डोण सापडली. एका कडेला तडा गेलेला, बाकी तशीच गुळगुळीत. मी तिच्यात हात फिरवला आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

मग झरा सुटला. त्याच कोपऱ्यातून. मातकट, मग दुधासारखा. इतकी वर्षं विटांखाली तो काय करत होता, कोण जाणे. मी त्याला मनात म्हटलं, तूही आमच्यासारखाच दिसतोस, हट्टी.

पाणी निवळलं त्या सकाळी सगळे जमले. मी रीत सांगितली: पहिला पोहरा मुक्या जिवांचा, ओढायचा मान आमच्या घराचा. माझ्या मेंढ्या नाहीत आता. पण उन्हानं चोची वासून बसलेल्या साळुंक्या आहेत, कुत्री आहेत. मी दोर द्वारकेकडं दिला. तिनं तो हातात तोलला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मागं उभ्या असलेल्या एका बाईला हाक मारली. पत्र्याच्या खोलीतली, कडेवर लेकरू, तळापर्यंत उतरून गाळ भरलेली. बोटांच्या पेरांत अजून काळं होतं. "ये गं इकडं. माझा मान तुला. दुसरा पोहरा तुझा, ध्यानात ठेव."

बाईला मराठी पुरतं कळत नव्हतं, दोर मात्र कळला. तिनं लेकरू माझ्याकडं दिलं.

डोण भरली. मग तिनं दुसरा पोहरा ओढला, आधी लेकराच्या डोक्यावर ओला हात फिरवला आणि मग ओंजळीनं प्याली. या वेळी दारं कुणी लोटून घेतली नव्हती, हे मी नीट बघून घेतलं.

अध्यक्ष पुढं आले. जाळी तयार होती, हातात नवंकोरं पितळी कुलूप, त्यातच किल्ली. अवघडून म्हणाले, "काकू, तेवढं ठरलं होतं आपलं. किल्ली माझ्याकडे ठेवू, की तुमच्याकडे?"

मी काही म्हणायच्या आत द्वारकेनं हात पुढं केला. "आणा, मी ठिवते."

त्यांनी विश्वासानं दिलं. तिनं किल्लीसकट कुलूप तळहातावर जरा तोललं, कठड्यावर एक हात टेकून वाकली, आणि सोडून दिलं.

डुबुक.

"जाळी बसवा," ती सरळ होत म्हणाली, "लेकरं पडतील. अन् पुढच्या साली गाळ काढताना कुलूप घावलं, तर ज्याचं त्यानं न्यावं."